क्लिकचा दर पडला? थीम बदलण्याआधी पंचांग उघडा

लक्षण दर वर्षी तेच असतं. साइटवर येणारे वाचक तेवढेच, लेख तेच, जाहिरातींच्या जागाही त्याच. पण जानेवारी उजाडला की साइटवर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सच्या अहवालातला सीपीसीचा, म्हणजे एका क्लिकमागच्या कमाईचा, आकडा घसरतो. दोन दिवस मालक वाट बघतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘ऑटो अ‍ॅड्स बंद करून बघ’ म्हणतं, म्हणजे गूगल आपोआप लावतं त्या जाहिराती. मग थीम बदलते, प्लगिन बदलतात, आठवड्याभरात लेखातल्या जाहिराती दुप्पट होतात. फेब्रुवारीच्या अखेरीस दर सावरतो आणि त्याचं श्रेय नव्या थीमला मिळतं. पुढच्या जानेवारीत नवा गडी, नवं राज्य.

असंच एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात होतं, जुलैच्या सुरुवातीला थोड्या कमी प्रमाणात होतं आणि मराठी साइटवर पितृपक्षात हमखास होतं. यात साइटचा दोष किती आणि हंगामाचा किती, हे तासाभरात वेगळं करता येतं. फक्त त्या तासात सेटिंग्जला हात लावायचा नाही.

पडलंय नक्की काय?

सीपीसी म्हणजे कुणी ठरवून दिलेला भाव नव्हे. एकूण कमाई भागिले एकूण क्लिक, एवढाच तो आकडा आहे. २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स प्रकाशकांना, म्हणजे साइटमालकांना, क्लिकवर नाही, तर जाहिरात दिसण्यावर पैसे देतं. क्लिकचा रकाना अहवालात राहिला, पण तुमचे पैसे आता त्यावरून मोजले जात नाहीत. त्यामुळे कमाई जागेवर असताना चुकून होणारे क्लिक वाढले, तरी सीपीसी पडलेला दिसतो. म्हणून आधी आरपीएम बघा, म्हणजे हजार पानांमागची कमाई. आरपीएम टिकून असेल आणि फक्त सीपीसी पडला असेल, तर खिशाला काहीच झालेलं नाही. तिथेच थांबा.

दोन्ही पडले असतील तर अहवाल देशांनुसार फोडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि निम्मी भीती तिथेच तयार होते. एक कल्पित हिशेब मांडतो, सोयीसाठी रुपयांत.

मे महिन्यात एका मराठी साइटवर ४०० क्लिक झाले. त्यातले ३४० भारतातले, प्रत्येकी ३ रुपये. ६० अमेरिकेतले, प्रत्येकी २५ रुपये. भारताचे १,०२० आणि अमेरिकेचे १,५०० मिळून २,५२० रुपये झाले. सरासरी सीपीसी ६ रुपये ३० पैसे.

जूनमध्ये एक लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. क्लिक ९०० झाले. भारतातले ८४०, दर थोडा वाढून ३ रुपये २० पैसे. अमेरिकेतले पुन्हा ६०, दर २६ रुपये. २,६८८ अधिक १,५६०, म्हणजे ४,२४८ रुपये. सरासरी सीपीसी ४ रुपये ७२ पैसे.

भारताचा दर वाढला, अमेरिकेचाही वाढला, कमाई तर दीडपटीच्याही वर गेली. तरी सरासरी एक चतुर्थांश कोसळली. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून मराठी वाचणारे लोक प्रत्येक साइटवर थोडेफार असतातच, आणि एकूण गर्दीतलं त्यांचं प्रमाण हललं की सरासरी हलते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हे सगळ्यात उघडं दिसतं. वाचकांचा पूर येतो, पण आलेला माणूस आसन क्रमांक टाकायची लिंक शोधत असतो. जाहिरातीत त्याला रस नसतो. भरतीच्या बातम्या देणाऱ्या साइटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

देशाप्रमाणेच मोबाइल आणि संगणक हीही फोड करून घ्या. एखाद्या कप्प्याच्या आतही दर घसरला असेल तरच ‘दर पडला’ म्हणायचं.

भाव का उतरतो?

जाहिरातीची प्रत्येक जागा लिलावात विकली जाते. २०२१ मध्ये अ‍ॅडसेन्स ‘पहिल्या किमतीच्या’ लिलावाकडे वळलं, म्हणजे जिंकणारा स्वतः बोललेलीच रक्कम मोजतो. लासलगावला कांदा तोच असला तरी आवारात व्यापारी किती उतरलेत त्यावर बोली चढते किंवा बसते, इथेही तसंच. जानेवारीत तुमचं पान वाईट झालेलं नसतं, बोलणारे पांगलेले असतात.

अमेरिका-युरोपातले जाहिरातदार वर्षाचा मोठा खर्च नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या ब्लॅक फ्रायडेपासून नाताळपर्यंत करतात. १ जानेवारीला तिथल्या बहुतेक कंपन्यांची नवी तिमाही आणि नवं बजेट सुरू होतं, आणि सुरुवातीला हात आखडता असतो. आपल्याकडे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्चमध्ये ‘उरलेलं संपवा’ म्हणून पैसा सुटतो आणि एप्रिलमध्ये नव्या बजेटवर सह्या व्हायच्या असतात. म्हणून भारतीय वाचकांच्या साइटला वर्षात दोन खड्डे लागतात. एक परदेशातून आलेला जानेवारीचा, दुसरा घरचा एप्रिलचा. मार्च ते मे आयपीएल असते, तेव्हा मोठ्या ब्रँडचा बराच पैसा क्रिकेटकडे वळलेला असतो.

‘जानेवारीत गूगल जास्त कापून घेतं’ ही समजूत मात्र सोडून द्या. हिस्सा जाहीर आहे. जाहिरात खरेदी करणाऱ्या यंत्रणेचं शुल्क वजा झाल्यावर उरलेल्याचे ८० टक्के प्रकाशकाला मिळतात. खरेदी जाहिरातदारांसाठीच्या गूगल अ‍ॅड्समधून झाली असेल तर जाहिरातदाराच्या पैशातले साधारण ६८ टक्के. या हिश्शाला महिना कळत नाही.

सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी करू नका

ही मराठी साइटची खास अडचण आहे आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तिचं उत्तर सापडत नाही. ते सांगतात, ‘मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.’ अमेरिकेत नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो, तिथे हे चालतं. आपला बाजार तिथीवर चालतो.

गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दसरा याच क्रमाने २४ ऑक्टोबर, १२ ऑक्टोबर आणि २ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबर, १ नोव्हेंबर आणि २१ ऑक्टोबर. आता एखाद्याने नोव्हेंबर २०२४ ची तुलना नोव्हेंबर २०२३ शी केली तर काय दिसेल? २०२३ च्या नोव्हेंबरात दिवाळीआधीचे अकरा दिवस होते, धनत्रयोदशी होती, सोनं-गाडी-फ्रिजची सगळी धावपळ होती. २०२४ मध्ये नोव्हेंबर उजाडला तोच लक्ष्मीपूजनाला. भाऊबीज झाली की सगळं शांत. अहवाल ‘घसरण’ म्हणणारच. ती घसरण नाही, दिवाळी सरकली आहे.

त्यामुळे तुलना सणापासूनच्या अंतराने करायची. लक्ष्मीपूजनाआधीचे चार आठवडे एका बाजूला, मागच्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाआधीचे चार आठवडे दुसऱ्या बाजूला. अहवालात हवी ती तारीख टाकून दोन्ही कालखंड शेजारी ठेवता येतात. आठवडे पूर्ण घ्या, सोमवार ते रविवार, कारण शनिवार-रविवारची वागणूक वेगळी असते.

पितृपक्षाकडे नीट बघा. सोनं, घर, गाडी यांची खरेदी पुष्कळ मराठी घरांत त्या पंधरवड्यात टाळली जाते, आणि सराफ, बिल्डर, गाड्यांचे वितरक जाहिराती घटस्थापनेपर्यंत राखून ठेवतात. पण ऑनलाइन विक्रीवाल्या मोठ्या कंपन्यांना सर्वपित्रीचं वावडं नाही. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांचे सणासुदीचे सेल २०२३ मध्ये ८ ऑक्टोबरला सुरू झाले, म्हणजे पितृपक्षातच. २०२४ मध्येही २७ सप्टेंबरच्या सुमारास, तोही पितृपक्षच. त्यामुळे मोबाइल-गॅजेटवर लिहिणाऱ्या साइटला पितृपक्ष फारसा जाणवत नाही, तर वास्तू, दागिने, लग्न यांवर लिहिणाऱ्या साइटला चांगलाच जाणवतो. ‘माझ्या मित्राचा सीपीसी तर वाढलाय’ म्हणून कपाळाला हात लावण्याआधी मित्राची साइट कशावर आहे ते विचारा.

२०२५ चा सप्टेंबर तर तुलनेसाठी वापरूच नये, इतका विचित्र होता. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. मधल्या काळात गाडी किंवा टीव्ही घेणारा माणूस थांबला, कारण थांबलं तर स्वस्त मिळणार होतं. त्यात ७-८ सप्टेंबरपासून पितृपक्ष. आणि २२ सप्टेंबरलाच घटस्थापना, पाठोपाठ २३ तारखेला दोन्ही मोठे सेल. तीन धरणांचे दरवाजे एकदम उघडावेत तसा महिन्याचा शेवटचा आठवडा गेला. त्या महिन्याची सरासरी काढून तिच्यावर पुढचं नियोजन करणं म्हणजे स्वतःला फसवणं.

हंगामासारखं दिसणारं, पण हंगाम नसलेलं

काही घसरणी दर वर्षीच्या वेळेवर येतात पण परत वर जात नाहीत. त्या ओळखल्या नाहीत तर माणूस ‘पुढच्या महिन्यात सुधारेल’ म्हणत वर्ष काढतो.

क्रिकेटच्या साइटचं उदाहरण घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. भारतीय संघाच्या जर्सीवरचं फँटसी खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं आणि सप्टेंबरचा आशिया चषक संघ मुख्य प्रायोजकाशिवाय खेळला. फँटसी आणि रमीचे जाहिरातदार ज्या लिलावात बोली लावत होते, तिथून ते उठले. ही जागा आशिया चषकानंतर किंवा आयपीएलला आपोआप भरून येईल असं धरू नका. इथे नवा विषय, नवा जाहिरातदार शोधावा लागेल.

करविषयक साइटचं दुखणं वेगळं. पूर्वी जानेवारी ते मार्च करबचतीच्या ८० सी कलमाखालच्या विमा-गुंतवणुकीच्या जाहिरातींची लाट यायची. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ पर्याय झाली, आणि तीत ८० सी ची वजावट नाही. जुन्या लाटेच्या भरवशावर जानेवारीचा खड्डा भरून निघेल ही आशा आता कमी ठेवा. दुसरी लाट विवरणपत्राची. ती एरवी ३१ जुलैला फुटते, पण २०२५ मध्ये मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एका दिवसाने. ज्यांनी त्या जुलैची आधीच्या जुलैशी तुलना केली त्यांची झोप विनाकारण उडाली असणार.

शेतीच्या साइटवर उलट गंमत असते. इतर सगळे जून-जुलैत कुरकुरत असतात तेव्हा बियाणं, खतं, फवारणी यांचे जाहिरातदार मृगाच्या आगेमागे तिथे येतात. पाऊस लांबला की तेही लांबतात. पाककृतींच्या साइटचं वेळापत्रक उपवासांवर आणि फराळावर. धोंड्याच्या महिन्यात लग्नाच्या साइट ओस पडतात, पण अनारशांच्या पाककृतीला जावई धावून येतात. जावई म्हणजे सासूबाई, टाइप त्याच करतात.

बिघाड असेल तर तो असा दिसतो

हंगामी घसरण उतारासारखी असते. आठ-दहा दिवसांत, तो हंगाम ज्या देशांत आहे तिथल्या सगळ्या उपकरणांवर, सगळ्या जागांवर. बिघाड कड्यासारखा असतो. एका तारखेला, आणि बहुधा एकाच कप्प्यात. आलेख बघितल्यावर हा फरक डोळ्यांना कळतो.

कडा दिसला तर पहिल्यांदा कव्हरेजचा रकाना बघा, म्हणजे मागितलेल्या जाहिरातींपैकी किती भरून आल्या. दर तसाच आणि कव्हरेज पडलं, तर बोली लावणारे कमी झालेले नाहीत, जाहिराती पोचत नाहीयेत. खात्यात ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ची, म्हणजे तुमच्या साइटच्या जाहिराती विकायचा अधिकार कुणाला आहे ते लिहिलेल्या फाइलची, सूचना आली आहे का बघा, होस्टिंग किंवा डोमेन बदलताना ही फाइल मागे राहते आणि मग तुमच्या नावाने होणारी विक्री अधिकृत आहे की नाही हे खरेदीदाराला पडताळता येत नाही. खात्यातल्या धोरण केंद्रात (पॉलिसी सेंटर) जाहिरातींवर मर्यादा घातल्याची नोंद असेल तर कारण बऱ्याचदा संशयास्पद क्लिक. मित्रमंडळींच्या गटात ‘साइट बघा, जाहिरातीवरही टिचकी मारा’ असं कुणी लिहिलं असेल तर तो संदेश आधी काढायला लावा.

फक्त युरोप-ब्रिटनचा दर कोसळला असेल तर संमतीचा चौकोन तपासा, म्हणजे माहिती वापरायची परवानगी वाचकाला विचारणारी खिडकी. १६ जानेवारी २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधल्या वाचकांना जाहिरात दाखवताना गूगलने प्रमाणित केलेली संमती-यंत्रणा लागते. स्वित्झर्लंडसाठी ३१ जुलै २०२४ पासून. ती नसली किंवा नव्या थीमने झाकली गेली, तर तिथे वैयक्तिक आवडीनुसार जाहिराती लागत नाहीत आणि दर बसतो. लंडन-म्युनिकच्या मराठी मंडळींचे क्लिक मोजके पण महाग असतात, म्हणून हा तोटा आकड्यात लगेच दिसतो. अहवाल लक्ष्यीकरणाच्या प्रकारानुसार फोडला की वैयक्तिक जाहिरातींचा वाटा घटलेला सापडेल.

तुम्हीच कधी रागाच्या भरात अडवलेले जाहिरातींचे प्रवर्गही एकदा उघडून बघा. ज्योतिष आणि वजन घटवण्याच्या जाहिराती नकोत, हे मला पटतं. मीही त्या अडवतो. पण तिथल्या तिथे ‘वित्त’ अडवून ठेवणारे लोक मी पाहिलेत, आणि विम्याचे जाहिरातदार बऱ्याचदा चढी बोली लावतात.

एक बारीक गोष्ट, तारखेची. अहवाल मुळात अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि त्यांच्या हिवाळ्यात दीडला तिथला दिवस बदलतो. १३ मे २०२५ ला दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागला. सकाळपासून ‘निकाल कधी’ शोधणारी गर्दी अहवालात १२ मेच्या खात्यावर जमा झाली आणि प्रत्यक्ष निकालाची १३ मेच्या. एका दिवसाचे आकडे घेऊन कारणं शोधत असाल तर आधी खात्यात अहवालाची वेळ भारतीय करून घ्या.

मग करायचं काय?

बिघाड सापडला तर तो दुरुस्त करा. नाही सापडला तर जाहिरातींच्या जागा वाढवू नका. उतरत्या बाजारात जास्त माल ओतला तर भाव आणखी बसतो, आणि पान जड होऊन वाचक जातो तो दिवाळीत परत येत नाही. थीमचे, जागांचे प्रयोग करायला मंदीचे आठवडे चांगले, पण निम्मे वाचक जुन्या मांडणीवर आणि निम्मे नव्यावर, एकाच वेळी. आधी-नंतरची तुलना हंगामात वाहून जाते.

लेखनाचं वेळापत्रक मात्र हलवा. दसऱ्याच्या गाडी-खरेदीवरचा लेख दसऱ्याच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही. शोधात वर यायला त्याला वेळ लागतो आणि बोली चढते ती सणाच्या आधी. गणपतीपूर्वीच तो तयार हवा.

पैशांचं गणितही हंगामापेक्षा मागे चालतं. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखांदरम्यान निघते, तीही १०० डॉलरची मर्यादा ओलांडली असेल तर आणि अवैध क्लिकची वजावट होऊन. म्हणजे नोव्हेंबरच्या तेजीचे पैसे नाताळाच्या आसपास हातात येतात आणि जानेवारीचा खड्डा बँकेत फेब्रुवारीअखेर दिसतो. होस्टिंगचं वार्षिक नूतनीकरण फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असेल तर ते डिसेंबरच्या पैशांतून बाजूला काढून ठेवा. भारतातली खाती डॉलरमध्ये मोजली जातात, त्यामुळे बँकेत पडलेल्या रुपयांवरून सीपीसीचा अंदाज बांधू नका. विनिमय दर त्यात मिसळलेला असतो.

२०२६ साठी तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे पुढचं सगळं उशिरा. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, पितृपक्ष सप्टेंबरच्या अखेरच्या दिवसांपासून १० ऑक्टोबरपर्यंत, घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. २०२५ मध्ये घट बसून दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या त्याच तारखांना, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, या वेळी पितृपक्ष असेल. त्या आठवड्याचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा खाली दिसणारच. त्याची तुलना सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याशी करा, आणि जीएसटीची वाट बघत थांबलेली खरेदी त्या आठवड्यांत होती हे शेजारी टिपून ठेवा.